बिदरचे काळे-पांढरे आणि नवाहोंचा पेरोज

१९५६ पर्यंत आमचा निलंगा तालुका बिदर जिल्ह्यात होता. वर्गात हे सांगितले की मुलांना खरे वाटत नाही. त्यांच्या लेखी बिदर म्हणजे कर्नाटक, दुसरी भाषा, दुसऱ्या रंगाची एसटी. पण निजामाच्या काळात आणि पुढे हैदराबाद राज्य होते तोवर निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके बिदरच्या कलेक्टरच्या हाताखाली होते. राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निघाला तेव्हा आजची जागा मिळाली. आमच्या घरात दादाजानच्या वेळचे जमिनीचे कागद आहेत, उर्दूतले. त्यांवर स्वच्छ अक्षरात ‘जिला बिदर’ लिहिले आहे. मुलांना तो कागद दाखवला की मग ती गप्प बसतात.

त्या कागदांबरोबर घरात आणखी एक बिदरची वस्तू आहे, दादीचे पानदान. काळ्या धातूचे, वर चांदीची बारीक वेल. लहानपणी मला ते लोखंडाचे वाटे. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पहाटे चारच्या आधी आम्ही सगळे अंगणात धावलो. अब्बांनी आम्हा भावंडांना ओढत बाहेर काढले आणि दादी मागून आली ती पानदान काखेत घेऊन. दागिने आतच राहिले होते. पुढे कितीतरी दिवस गावाने उघड्यावर काढले, ते पानदान दादीच्या उशाशी होते. तिला विचारले तर म्हणायची, माझ्या जहेजचे आहे, जाऊ कसे देऊ. यापलीकडे त्या वस्तूबद्दल तिला काही माहीत नव्हते आणि आम्हीही विचारले नाही.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाने उरुसातून फिरोजाची अंगठी घेतली. निळ्या रंगाचा खडा, दोन आठवड्यांत रंग उडाला. ‘सर, हा नकली आहे का?’ एवढ्या एका प्रश्नावरून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या नवाहो लोकांपर्यंत जाऊन परत बिदरला आलो. हा लेख त्या फेरीचा आहे.

आधी फिरोजा. मराठीत याला पेरोज असा जुना शब्द आहे, तो फारसीतूनच आलेला. तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे हे फॉस्फेट आहे, त्यातला निळा रंग तांब्याचा. जगातला सर्वांत नावाजलेला पेरोज इराणातल्या खुरासानमधल्या निशापूरच्या खाणीतला. युरोपात तो तुर्कांच्या मुलखातून पोचला, म्हणून इंग्रजी-फ्रेंच नावाचा अर्थ ‘तुर्की दगड’ असा झाला. तुर्कस्तानात त्याच्या खाणी नाहीत. दगड सच्छिद्र असतो, अंगाचा घाम आणि तेल शोषतो, त्यामुळे खराही काही वर्षांत हिरवट होतो. पण दोन आठवड्यांत पांढरा पडला तर तो रंगवलेला चुन्याचा खडा समजावा. मुलाला मी हेच सांगितले. फिरोजाने नजर लागत नाही असे सांगणारे प्रत्येक उरुसात भेटतात, त्यावर माझे म्हणणे एवढेच की दगड काही करत नाही, करणारा अल्लाह. पुरुषाला चांदीची अंगठी चालते, सोन्याची नाही, तेव्हा शोभा म्हणून घालायची तर घालावी.

या दगडाच्या नावाचे एक सिंहासन आपल्या दखनेत होते, हे मात्र आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडले नाही. तख्त-ए-फिरोजा. बहमनी सुलतान पहिला मुहम्मद शाह (१३५८ ते १३७५) याला ते तेलंगणच्या राजाकडून मिळाले. फिरिश्ता या इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे: आबनुसाचे लाकूड, त्यावर सोन्याचे पत्रे, त्यावर जडवलेली रत्ने. त्याच्या काही भागावर आकाशी मिना होता, त्यावरून फिरोजा नाव पडले. गंमत अशी की पुढच्या प्रत्येक सुलतानाने आपापली रत्ने त्यात वाढवली आणि शेवटी तो निळा रंग झाकूनच गेला, नाव तेवढे उरले. बहमनी राज्य मोडकळीला आले तेव्हा महमूद शाहच्या कारकिर्दीत ते तख्त तोडले गेले आणि त्याच्या सोन्यारत्नांतून सुरया नि प्याले घडवले गेले. गुलबर्ग्याहून बिदरला राजधानी हलली ती अहमद शाह वलीच्या काळात, पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. म्हणजे हे तख्त संपले ते बिदरच्या काळात. आज बिदरला निळा रंग पाहायचा तर महमूद गवानच्या मदरशावर पाहावा. १४७२ ची ती इमारत, अर्धी पडलेली, पण मिनारावर अजून निळ्या-हिरव्या फरशा आहेत.

आणि बिदरला दुसरे काय पाहायचे तर बिदरी.

बिदरीकाम कसे होते हे मी दोनदा बसून पाहिले, तेव्हा थोडे सविस्तर सांगतो. जस्त आणि तांबे एकत्र वितळवतात. कारागीर साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे असे प्रमाण सांगतात. मातीच्या साच्यात, राळ आणि एरंडेल मिसळलेल्या मातीत, हे ओततात. बाहेर येते ती खडबडीत राखाडी वस्तू, सुरईचे पोट म्हणा किंवा डबीचे झाकण. तिला कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचे पाणी लावतात, त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळपट होतो. हे काळेपण नक्षी दिसावी एवढ्यापुरतेच. त्यावर कारागीर टोकदार लोखंडी कलमाने, कागद-ठसा काही न घेता, हातानेच वेल काढतो. मग वस्तू मेणावर किंवा शिकंजात घट्ट बसवून छिन्नीने ती रेघ खोदायची आणि त्या खाचेत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवायची. डिंक नाही, डाग नाही. खाच आतून जराशी रुंद ठेवलेली असते, तार तिथे दबून पसरते आणि अडकून बसते. तारेचे काम ते तारकशी. पत्र्याचे तुकडे बसवले तर तहनिशान. चांदी पृष्ठभागाच्या वर उचललेली ठेवली तर जरबुलंद. चांदीच्या मोठ्या पत्र्यातून फुले कापून काढायची आणि खालच्या काळ्यातून ती फुले दिसू द्यायची, याला आफताबी म्हणतात. ते फार कमी जणांना जमते.

यानंतर सगळे घासून साफ करतात आणि या टप्प्याला वस्तू बघितली तर निराशा होते. राखाडीवर पांढरी चांदी, नक्षी जेमतेम दिसते. आता माती येते. बिदरच्या किल्ल्यातली माती, तीही कुठलीही नाही, जुन्या बांधकामाच्या आतली, जिथे शेकडो वर्षे ऊन-पाऊस पोचलेला नाही. कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून चव बघतो. खारट-तुरट लागली तर कामाची. नवसागर आणि पाण्यात ती कालवायची, वस्तू किंचित तापवायची आणि तो चिखल चोळायचा. हळूहळू जस्ताचा मिश्रधातू गडद काळा होतो. चांदीवर काहीच होत नाही. शेवटी तेलाचा हात फिरवला की ती काळी भूमी चमकू लागते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा दादीच्या पानदानाची आठवण आली आणि लोखंड समजत होतो याची लाज वाटली.

आता इतिहास. बिदरच्या दुकानांत तुम्हाला एक गोष्ट ऐकायला मिळते: अहमद शाह वलीने इराणातून अब्दुल्लाह बिन कैसर नावाचा उस्ताद बोलावला, त्याने इथल्या लोकांना हे काम शिकवले. गोष्ट चांगली आहे. मात्र आज संग्रहालयांत असलेल्या बिदरी वस्तूंत बहमनी काळातली म्हणून खात्रीने सांगावी अशी वस्तू नाही. जुन्यात जुन्या म्हणून अभ्यासक ज्या दाखवतात त्या सतराव्या शतकाच्या आसपासच्या, फार तर थोड्या आधीच्या. हुक्क्यांची भांडी त्यांत बरीच आहेत, आणि तंबाखू हिंदुस्थानात आली तीच पोर्तुगिजांच्या मागोमाग, सोळाव्या शतकात. म्हणून मी वर्गात सांगताना ‘असे म्हणतात’ असे शब्द वापरतो. आपल्या लोकांना गोष्ट जितकी जुनी तितकी खरी वाटते, ही खोड सगळ्या समाजांत आहे, आपल्यातही आहे.

पण इराणी उस्तादाची गोष्ट मला दुसऱ्या कारणाने खटकते. जस्त ही अवघड धातू आहे. भट्टीत खनिज तापवले की ती सुमारे ९०० अंशांना वाफ होऊन उडून जाते. ती वाफ पकडून थंड करण्याचे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरल्याचे जगातले सर्वांत जुने पुरावे राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरला आहेत. इराणात धातूवर चांदी बसवण्याची कला फार जुनी, पण ती पितळेवर आणि काशावर. जवळजवळ शुद्ध जस्तावर, आणि तेही मातीने काळे करून, हे काम इराणात दिसत नाही. ठोकण्याची रीत बाहेरून आली असेल, वेलीचे वळण फारसी असेल. धातू इथला आणि काळे करणारी माती तर एका किल्ल्याची. तरी कोणी बिदरीला ‘परदेशी कला’ म्हणाले की आपले लोकही मान हलवतात, वर अभिमानाने सांगतात की हो, इराणातून आली.

इथे मला नवाहो आठवतात. इंग्रजीत स्पेलिंगमध्ये ‘जे’ आहे, पण उच्चार नवाहो असाच. ते स्वतःला दिने म्हणतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर त्यांची वस्ती. मेंढ्या, घोडे आणि विणकाम यांवर जगणारे लोक. आज जगात ‘नवाहो दागिना’ म्हटले की चांदीत बसवलेला निळा पेरोज डोळ्यांपुढे येतो, आणि तो हजारो वर्षांचा असावा असे वाटते. पेरोज खरोखरच तिथे जुना आहे, त्या भागातले आदिवासी युरोपीय यायच्या कितीतरी आधीपासून त्याचे मणी घालत. चांदीकाम मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे. अत्सिदी सानी या नवाहो लोहाराने ते एका मेक्सिकन कारागिराकडून उचलले, असे परंपरा सांगते. अत्सिदी सानी म्हणजे ‘म्हातारा लोहार’. आधी तो घोड्यांच्या लगामाची लोखंडी कामे शिकला, चांदी नंतर आली.

१८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांची शेते जाळली, फळबागा तोडल्या, मेंढ्या मारल्या आणि आठ हजारांहून जास्त माणसांना सुमारे पाचशे किलोमीटर चालवत बोस्के रेदोंदो नावाच्या छावणीत नेले. वाटेत आणि छावणीत किती मेले याचे नीट मोजमाप नाही. रेशनसाठी धातूची तिकिटे दिली जात. छावणीतले लोहार ती हुबेहूब बनवू लागले, तेव्हा सरकारला तिकिटांची नक्षी बदलावी लागली. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या मुलखात परत आले, हाताशी जवळजवळ काही नव्हते. चांदीकाम पसरले ते त्यानंतर. अमेरिकन डॉलर आणि मेक्सिकन पेसो वितळवून कडी, बटणे, पट्ट्याच्या चकत्या घडवल्या जात. चांदीत पेरोज बसवायला साधारण १८८० च्या सुमारास सुरुवात झाली. म्हणजे ज्याला जग ‘प्राचीन नवाहो परंपरा’ समजते तिचे वय दीडशे वर्षांपेक्षा फार जास्त नाही. दादीच्या पानदानाच्या आजीचे वय त्याहून जास्त भरेल.

त्यांच्या गळ्यातल्या मोठ्या हाराच्या टोकाला एक चंद्रकोर लटकते. तिला ‘नाजा’ म्हणतात. ही कोर कुठली? अभ्यासक तिचा माग घोड्याच्या लगामापर्यंत नेतात. स्पॅनिश स्वारांच्या घोड्यांच्या कपाळावर ती असे, आणि स्पॅनिश लोकांकडे ती आली अंदलुसच्या मुसलमानांकडून, नजरेचा तावीज म्हणून. हारातल्या मण्यांना आज भोपळ्याची फुले म्हणतात, पण त्यांचा आकार डाळिंबाच्या कळीचा आहे, आणि डाळिंब हे स्पॅनिश कपड्यांवरचे आवडते चिन्ह. ग्रनादा या शहराच्या नावाचा स्पॅनिशमध्ये अर्थच डाळिंब. १४९२ मध्ये ग्रनादा मुसलमानांच्या हातून गेले, त्याच वर्षी कोलंबस निघाला, आणि पुढे साडेतीनशे-चारशे वर्षांनी ती चंद्रकोर ॲरिझोनातल्या एका मेंढपाळ बाईच्या गळ्यात आली. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

तिथे कोणी म्हणत नाही की हा दागिना नवाहोंचा नाही, कारण शिकवणारा मेक्सिकन आणि कोर अंदलुसची. उलट अमेरिकेत १९९० पासून असा कायदा आहे की आदिवासीने न बनवलेली वस्तू ‘आदिवासी कलाकृती’ म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फिलिपाइन्समध्ये बनवलेला माल अस्सल म्हणून विकल्याबद्दल न्यू मेक्सिकोतल्या एका व्यापाऱ्याला २०१८ मध्ये तुरुंगाची शिक्षा झाली. कायद्याने नकली माल संपला असे नाही, पण ‘हे कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर तरी पक्के झाले.

आपल्याकडे हा वाद बिदरच्या दरबारातही होता, हे विसरायला नको. आफाकी म्हणजे नव्याने आलेले इराणी-तुर्क सरदार, आणि दखनी म्हणजे इथे मुरलेले. दोघांचे हाडवैर. महमूद गवान स्वतः गीलानचा, आफाकी, पण पदे वाटताना दोन्ही बाजूंना सारखे ठेवू पाहणारा. खोट्या पत्राच्या आधारे १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बाहेरचा कोण आणि इथला कोण हे ठरवण्याच्या भांडणात बहमनी राज्यच गेले. बिदरीचे कारखाने मात्र चालत राहिले. हे काम करणारी घरे मुसलमानांची होती तशी लिंगायतांचीही होती, आणि चांदी ठोकताना दोघांची हातोडी एकच.

माल विकत कोण घेई हा खरा प्रश्न. हैदराबादचे नवाब, जागीरदार, देशमुख, लग्नात जहेज देणारी खाऊनपिऊन सुखी घरे. हुक्का, उगालदान, आफताबा, गुलाबदाणी, पानदान. लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी गेली, तिथल्या संग्रहालयात आजही तिचे मोठे दालन भरेल इतके नमुने आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तर आपण बसने जाऊन पाहू शकतो. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. त्या दिवसांत बिदर-उस्मानाबादकडे जे घडले ते आमच्या घरांत अजूनही हळू आवाजात सांगितले जाते, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९४९ मध्ये जागीरदारी गेली. जागीरदारी गेली हे बरेच झाले, रयतेच्या मानेवरचे जू उतरले, पण हुक्का मागवणारे गिऱ्हाईकही त्याबरोबर गेले. आता कोणाच्या घरात आफताब्याने हात धुतात?

नवाहोंचेही असेच एक वळण आहे. रेल्वे आली, पर्यटक आले, आणि १८९९ पासून फ्रेड हार्वी कंपनीने पर्यटकांसाठी हलके, पातळ दागिने बनवून घेतले, त्यांवर बाण नि पक्ष्यांचे छाप मारून. घरात घालायचे जड दागिने वेगळे, विकायचे वेगळे. घरातले दागिने अडीनडीला व्यापाऱ्याकडे गहाण ठेवायचे, लोकर निघाली की सोडवायचे. हे वाचताना मला आमच्याकडची चांदीची वाळी, तोडे आणि सावकाराची वही आठवली. तांड्यावरच्या बंजारा बायांच्या चांदीचेही तेच झाले, दुष्काळात गहाण पडलेली सगळीच काही परत आली नाही.

बिदरीतही आता पेन, की-चेन, मोबाईलचे स्टँड, कानातले, पेंडंट येते. जुने लोक नाक मुरडतात. मला त्यात वाईट वाटत नाही. पोरी कानात घालतील तरच तार ठोकणारा हात शिल्लक राहील. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक उपदर्शन मिळाले, म्हणजे कागदावर तरी नाव बिदरचे झाले. २०२३ मध्ये बिदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी मी वर्गात पेपरचे कात्रण लावले. पण उस्तादांची मुलेच हे काम करतील का, हा प्रश्न चांदीच्या भावाबरोबर दर वर्षी अवघड होत चालला आहे. तार महाग झाली की नक्षी विरळ होते, आणि गिऱ्हाईक विचारते की यात एवढे पैसे कशाचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत औराद शहाजानी, भालकी करत बिदरला गेलो, पानदान पिशवीत घेऊन. चौबाऱ्याजवळच्या गल्लीत एका कारागिराने ते हातात घेतले, नखाने खरवडले, झाकणाच्या आत पाहिले. काळेपण बरेच उडाले होते, चुन्याने डाग पडले होते आणि एका फुलाची चांदी निघून नुसती खाच राहिली होती. ‘मास्टरसाब, किसका है?’ मी म्हटले, दादीचे. त्याने डब्यातली माती काढली, कालवली, पानदान शेगडीवर धरले आणि माझ्यासमोर चोळायला लागला. पंधरा मिनिटांत ते परत काळे झाले. त्या रिकाम्या खाचेकडे बोट दाखवून त्याने विचारले, ‘चांदी भरूं क्या?’ मी हो म्हटले. तार ठोकताना त्याने शेजारच्या पाकळ्यांकडे एकदाच पाहिले, पुन्हा बघायची गरज त्याला पडली नाही.

या हिवाळ्यात नववीच्या मुलांची सहल बिदरला न्यायची ठरवली आहे. किल्ला, मदरसा आणि ही गल्ली. परवानगीचा अर्ज भरायला घेतला तर त्यात एक रकाना आहे, ‘सहल राज्याबाहेर आहे काय?’ त्यासाठी वेगळे हमीपत्र लागते, प्रत्येक पालकाच्या सहीचे. ते काम सध्या चालू आहे.